रिया मिस्साला का जाईना

"मॅडम, मुलगी हातची चाललीय. धर्म सोडणार ती." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच रियाची मम्मी बोलून गेली, आणि मग पर्समधला रुमाल शोधत बराच वेळ गप्प बसली.

वसई-विरार भागात समुपदेशक म्हणून काम करताना ही काळजी मी कॅथलिक घरांतून पुष्कळदा ऐकते. पंधरा-सतरा वर्षांचं मूल रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, यायला टाळाटाळ करायला लागतं, संध्याकाळच्या रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) 'अभ्यास आहे' म्हणून खोलीत बसतं, आणि आईबापाच्या पोटात गोळा येतो. रियाची गोष्ट तिच्या आणि मम्मीच्या संमतीने लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रिया १७ वर्षांची, बारावी सायन्सला. लहानपणापासून चर्चच्या गायनमंडळात. पप्पा आखातात नोकरीला. घरात मम्मी, आजी आणि धाकटा भाऊ. चार महिन्यांपासून दर रविवारी सकाळी हिचं काहीतरी दुखायचं. कधी पोट, कधी डोकं. मग मम्मीने मोबाईल पाहिला. क्लासमधल्या एका हिंदू मुलाचे मेसेज सापडले. मम्मीने दोन्ही गोष्टींची सांगड घातली: मुलाने फितवलं, म्हणून चर्च सुटलं. मोबाईल जप्त झाला. "कोण आहे तो?" हा प्रश्न घरात सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. पप्पांनी तिकडून फोनवर आवाज चढवला. रियाने बोलणंच बंद केलं.

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही चुकले. मी कॅथलिक नाही. मानसशास्त्रात शिकलेलं डोक्यात होतं. एरिक एरिक्सनने किशोरवयाचं मुख्य काम 'मी कोण' हे शोधणं, असं मांडलं. पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सियाने दाखवलं की काही मुलं घरून मिळालेली ओळख न तपासता तशीच स्वीकारतात, आणि काही मध्येच थांबून सगळं पुन्हा पारखून बघतात. रिया अशा थांब्यावर आली असेल असं मी धरून चालले आणि विचारलं, "देवाबद्दल प्रश्न पडायला लागलेत का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला देवाबद्दल काही प्रश्न नाहीत मॅडम. त्यालाच माझ्याबद्दल असतील."

दुसऱ्या भेटीत मी तो विषय सोडून दिला आणि साधंच विचारलं: मिस्सा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तुला कुठे जड जातं? तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि पेनने बाकांच्या रांगा काढल्या. डावीकडे गायनमंडळ, तिसरी रांग, भिंतीकडून दुसरी जागा. मग एकेका चौकोनातून वेदीकडे जाणारे बाण काढले. एक चौकोन तेवढा बिनबाणाचा राहिला. तो ती पेनने गिरवत बसली, इतका की कागद फाटायला आला. "शेवटी सगळे कम्युनियनला उठतात ना. मी उठले नाही, तर सगळ्यांना दिसतं."

कॅथलिक वाचकांना यापुढे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. कम्युनियन म्हणजे मिस्सात वेदीपाशी जाऊन ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर घेणं. आपल्या हातून गंभीर पाप घडलं आहे असं ज्याच्या मनाला ठाऊक आहे, त्याने आधी पापनिवेदन करायचं, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करून क्षमा मागायची, मग कम्युनियन घ्यायचं, असा चर्चचा नियम आहे. रिया त्या मुलाबरोबर दोनदा वसईच्या किल्ल्यात फिरायला गेली होती. त्याने हात धरला होता, हिने सोडवला नव्हता. घरी सांगितलं होतं, गायनाची प्रॅक्टिस आहे. तिला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हेच: देवाच्या कामाचं नाव पुढे करून खोटं बोलले. या अवस्थेत कम्युनियन घ्यायचं म्हणजे देवाला फसवायचं. बाकावर बसून राहायचं म्हणजे गावाला सांगायचं. मग रविवारी पोट दुखणार नाही तर काय!

आणि हा गुंता आपोआप घट्ट होत जाणारा होता. रविवारचा मिस्सा जाणूनबुजून चुकवणं हेसुद्धा तिच्या धर्मशिक्षणानुसार पापच. म्हणजे एका पापाच्या धाकाने मिस्सा चुकवायचा आणि चुकवला म्हणून हिशेबात आणखी एक वाढवायचं. भीतीपासून पळालं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं आणि पुढच्या खेपेला भीती दुप्पट होऊन येते, हे आम्ही इतर बाबतीत रोज पाहतो. परीक्षेचं, लिफ्टचं, स्टेजचं. चर्चच्या बाकाचंही तसंच होऊ शकतं, हे मात्र मला रियाने शिकवलं.

पापनिवेदन का केलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "फादर जाळीच्या पलीकडून आवाजावरून ओळखतील. त्यांच्यासमोरच गाते मी."

म्हणजे जिला घरचे धर्म सोडायला निघालेली समजत होते, ती मुलगी धर्म इतका मनावर घेऊन बसली होती की तिला श्वास घेता येत नव्हता. आईबापांना कळकळीने सांगावंसं वाटतं: मूल देवळाच्या किंवा चर्चच्या पायरीवरून मागे फिरलं, तर त्याचा विश्वास उडाला असं लगेच ठरवू नका. पायरीवर नेमकं काय नडतं ते आधी विचारा.

अतिरेकी पापभीतीचं आजारात रूपांतर होतंय का, हेही मी पाहिलं. तेच पाप पुन्हा पुन्हा निवेदन करावंसं वाटणं, प्रार्थनेत एक शब्द चुकला तर सगळी पहिल्यापासून म्हणणं, नको ते विचार डोक्यातून न हटणं, झोप उडणं, जगणं नकोसं होणं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. संत इग्नेशियस लोयोलांना १५२२ च्या सुमारास मॅन्रेसा इथे याच त्रासाने जीव द्यावासा वाटला होता. त्यांनी स्वतःच ते पुढे सांगितलं आहे. रियाचं तिथवर गेलेलं नव्हतं. लक्ष भरकटलं की ती 'नमो मारिया' ही प्रार्थना पुन्हा म्हणायची, एवढंच. आम्ही ठरवलं, भरकटलं तरी पुढे जायचं, मागे वळायचं नाही.

पाप कोणतं आणि किती मोठं, हे सांगायचा अधिकार माझा नाही. मी तिला एवढंच म्हटलं की हा प्रश्न ज्यांच्या विषयातला आहे त्यांना विचार. दुसऱ्या गावच्या एका वयस्क सिस्टरांशी ती बोलली. त्यांनी तिला आठवण करून दिली की गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि पूर्ण इच्छेने केलेली हवी. शिवाय पापनिवेदन कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या गावच्या चर्चमध्येही, करता येतं, आणि ऐकलेलं फादर कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. रियाला हे धर्मशिक्षणात शिकवलं होतं. भीतीपुढे विसरली होती.

मुलाचं काय, असं वाचणाऱ्या आया विचारतील. तो मुलगा वाईट नव्हता. पण एकदा प्रेमानेच म्हणाला, "तू ख्रिश्चन वाटतच नाहीस गं." रिया हसली होती. रात्री झोप आली नाही. आडनाव सांगितलं की "गोव्याची का?" आणि पुढे "मराठी छान बोलतेस!" हे तिने जन्मभर ऐकलेलं. घरी कादोडी ही वसईच्या ख्रिस्ती घरांतली बोली, चर्चमध्ये मराठी, कॉलेजात हिंदी-इंग्रजी. अकरावीत असताना आजी लाल लुगड्यात बसस्टॉपवर भेटली, तर मैत्रिणींसमोर हिने ओळख दाखवली नव्हती. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. मुलाबद्दल बोलतानासुद्धा रडली नव्हती.

त्या आठवड्यात ती आजीजवळ बसली आणि घराण्याबद्दल विचारत राहिली. आजी तासन् तास बोलली. पुढच्या भेटीत रिया मलाच ऐकवत होती, की वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, मग आमचं मराठी छान असल्याचं नवल कसलं? त्या मुलालाही तिने हे सांगितलं. ख्रिश्चन न वाटणं हे कौतुक कसं, असंही विचारलं. तो वरमला, माफी मागितली. दोघं बोलतात. बाहेर भेटायचं असेल तर घरी खरं सांगून, एवढं तिने स्वतः ठरवलं.

मम्मीची भीती थेट लग्नापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, ती सतरा वर्षांची आहे, आज लग्नाचा विषय नाही. पण भीती खोट्या माहितीवर नको. बिगरख्रिस्ती जोडीदाराशी लग्नाला चर्च परवानगी देऊ शकतं, त्याने धर्म बदलावा अशी अट नसते. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना बाप्तिस्मा मिळावा म्हणून जमेल तेवढं करीन, असं वचन कॅथलिक व्यक्तीला द्यावं लागतं. मम्मीला हे ठाऊक नव्हतं.

मग रियाच्या परवानगीने तो कागद मी मम्मीपुढे ठेवला. तिने गिरवलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही तू?" रियाने मान हलवली. मम्मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मोबाईलचा, मुलाचा, खोटं बोलल्याचा एकही शब्द तिने काढला नाही.

रविवारी रिया मिस्साला गेली, पण गायनमंडळात नाही, मम्मीशेजारी बसली. पापनिवेदन अजून व्हायचं होतं, ते पुढच्या शनिवारी दुसऱ्या धर्मग्रामात झालं. कम्युनियनची वेळ झाली, बाक रिकामा व्हायला लागला. मम्मी उठली नाही. शेजारच्या काकूंनी वाट करून देण्यासाठी पाय आखडले, तर मम्मीने मानेनेच त्यांना पुढे जायला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती कम्युनियन न घेता बसली होती, असं रियाने मला सांगितलं.

"माझ्याकडे बघितलं पण नाही मॅडम. नुसती बसून राहिली."