प्रोजेक्टसाठी विषय मळ्यातल्या विहिरीचाच घे

या वेळी तीन पत्रं घेतोय, तिन्ही कॉलेजच्या पोरापोरींची आणि तिन्ही पर्यावरण या विषयावरची.

प्रश्न : सर, मी एस. वाय. बी. कॉम.ला आहे, गाव रावेर तालुक्यात. आम्हा कॉमर्सवाल्यांना पर्यावरण कशासाठी ठेवलंय तेच कळत नाही. वर्गातले सगळे झेरॉक्सच्या दुकानातून ओझोनचं तयार प्रोजेक्ट घेऊन राहिलेत. मला तसं नाही करायचं, पण आमच्याकडे केळीशिवाय दुसरं आहे काय?

उत्तर : भाऊ, आधी कशासाठी ते सांगतो. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करा. बरीच वर्षं टाळाटाळ झाली, 2003 मध्ये कोर्टाने परत कान धरला तेव्हा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) सहा महिन्यांचा कोर्स सगळ्या शाखांच्या पदवीला लागू झाला. कारण उद्या बँकेत बसून बोअरसाठी कर्ज मंजूर करणारा कॉमर्सचाच असणार, आणि जमिनीखाली पाणी किती उरलंय हे त्याला कळायला नको का?

आता प्रोजेक्ट. केळीशिवाय काय आहे म्हणतोस, पण त्या केळीला पाणी कुठून येतं? घरी विचार, आजोबांच्या वेळी विहीर किती परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल होती, आता बोअरमध्ये मोटर किती फुटांवर सोडलीय. हेच तुझं प्रोजेक्ट.

गावातल्या आठ-दहा उघड्या विहिरी निवड. बोअरच्या नादी लागू नको, पाईप आणि केबलमध्ये टेप अडकतो, बोअरवाल्यांना फक्त मोटरची खोली विचारून लिहून घे. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटची खूण कर, दर वेळी त्याच खुणेपासून मोजायचं आणि कठड्याची उंची वजा करायची. टेपच्या टोकाला वजन बांध, शेवटच्या मीटरभर भागाला खडू चोळ आणि पाण्यात बुडेपर्यंत सोड. खुणेपाशी किती मीटर आले ते लिही, टेप वर घे, खडू जिथपर्यंत ओला झालाय तो आकडा त्यातून वजा कर, झाली पाण्याची पातळी. एकटा जाऊ नको, आणि कठडा नसलेल्या विहिरीवर तर अजिबात वाकू नको.

एक चूक आमच्या पोरांकडून झाली होती ती तू टाळ. रात्री थ्री फेजची लाईट होती, मोटरी पहाटेपर्यंत चालल्या आणि पोरं सकाळी सातला टेप घेऊन हजर. आकडे भलतेच खोल आले, सगळी मेहनत वाया गेली आणि परत जावं लागलं. मोटर बंद होऊन पाणी पुरतं भरून आलं की मगच मोजायचं. आणि दोनदा मोजायचं, मे महिन्याच्या शेवटी आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, तेव्हाच पावसाने विहिरीला किती दिलं ते कळतं.

मग हिशोब, तो तर तुमचा कॉमर्सवाल्यांचाच प्रांत. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एकर म्हणजे साधारण 4047 चौरस मीटर, आपल्याकडे वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धर, तर एका एकरावर 28 लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं, खाली मुरतं ते थोडं. केळी मात्र वर्षभर पाणी पिते. दुसरा हिशोब विजेचा. 1000 लिटर पाणी 100 मीटर वर आणायला नुसत्या उचलण्याचीच पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते, मोटर-पंपाची निम्मी वाया जाते धरलं तर अर्ध्या युनिटच्या वर. पाणी 30 मीटरवरून 120 वर गेलं की तेवढ्याच पाण्याला चौपट वीज, आणि मोटर, केबल, पाईप यांचा खर्च वेगळा. हा तक्ता करून वडिलांना दाखव, ते ओझोनच्या प्रोजेक्टपेक्षा नक्की जास्त वेळ बघतील.

आणि एक समजून घे, तुमच्याकडे पाणी मुरतं कुठे. तापीच्या उत्तरेला तुमचा पट्टा गाळाचा, त्यात चिकणमातीचे थर, त्यातून पाणी सहज खाली जात नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा आहे, डोंगरातून आलेले नाले तिथे येऊन जमिनीत जिरतात, आणि तेच पाणी सरकत सरकत तुमच्या बोअरला येतं. तापीच्या मेगा रिचार्जची, म्हणजे तापीचं पाणी वळवून जमिनीत मुरवायच्या योजनेची, चर्चा ऐकली असशील, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा 2025 मध्ये त्यावर करार झाला, ती योजना याच पट्ट्याच्या भरवशावर आहे. म्हणून सातपुड्यातलं झाड तुटलं की मला तुमच्या केळीची काळजी वाटते. एक रविवार तो पायथा पायी फिरून ये, नाला कुठे गायब होतो ते डोळ्यांनी बघ आणि प्रोजेक्टमध्ये नकाशा हाताने काढ.

प्रश्न : सर, आम्ही साक्री तालुक्यातले आदिवासी. पुस्तकात जंगलतोडीच्या कारणांत स्थानिक लोकांचं सरपण असं लिहिलंय. वर्गात ते वाचताना मला फार वाईट वाटलं. हे खरं आहे का?

उत्तर : ताई, वाईट वाटणारच. सरपणाने जंगलावर ताण येतो हे खरं, पण एवढंच लिहून थांबणं बरोबर नाही. तुमच्याच तालुक्यातलं बारीपाडा बघ. उजाड झालेलं जंगल त्या गावाने 1990 च्या दशकापासून स्वतः राखलं, बैलगाडी आत न्यायची नाही, तोडलं तर दंड, असे नियम गावानेच बसून केले. हे काम उभं करणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे वनभाज्यांचा महोत्सवही भरतो, आणि कोणती भाजी कधी उगवते, कशी शिजवायची हे बायाबापड्यांना जेवढं माहीत तेवढं आमच्या पुस्तकात नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो, जंगल राखायचा अधिकार त्यातच येतो. तू हे वर्गात उभं राहून सांग. आणि तुझ्या आजीला माहीत असलेल्या रानभाज्यांची नावं तिच्याच बोलीत लिहून काढ, तेच प्रोजेक्ट म्हणून दे.

प्रश्न : राज्यघटनेतल्या 48-अ आणि 51-अ या कलमांत परीक्षेत कायम गोंधळ होतो.

उत्तर : 48-अ सरकारसाठी, पर्यावरण, वनं आणि वन्यजीव राखण्याचं मार्गदर्शक तत्त्व. 51-अ नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचं, त्यातलं (ग), म्हणजे इंग्रजीतलं (g), पर्यावरणाबद्दल. दोन्ही 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये आली.