उरलेले भ्रूण रिसर्चला द्यायचे का?

प्रश्न: ताई, आयव्हीएफनं मुलगी झाली, आता उरलेले भ्रूण रिसर्चला देता का असं क्लिनिकवाले विचारून राहिले, सासूबाई म्हणतात पाप लागेल. काय करू? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: अगं, २०२१ च्या एआरटी कायद्यानं (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) भ्रूण साधारण १० वर्षंच गोठवून ठेवता येतात, मग एकतर नष्ट होऊ द्यायचे नाहीतर तुमच्या संमतीनं संशोधनाला, आणि विक्रीला बंदीच आहे, म्हणून कोणी पैशाचं बोललं तर सरळ उठून ये. आणि आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) नियमानं संशोधनासाठी भ्रूण लॅबमध्ये १४ दिवसांपुढे वाढवत नाहीत. अमेरिकेत यावरून केवढं राजकारण, अध्यक्ष बुशनी २००१ मध्ये भ्रूणाच्या पेशींवरच्या संशोधनाचा सरकारी पैसा आवळला, ओबामांनी २००९ मध्ये मोकळा केला (आपल्याकडे यावर मतं मागत नाहीत, बरंच आहे बाप्पा). सासूबाईंना विचार, नष्ट झालेले चालतील का? तरी तुझंच मन होत नसेल तर सही करू नको, कोणी कितीही मागं लागो.