सरड्याची दाढी काळी का पडते?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. लेकीचा दोन वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) ज्या खोलीत आहे, तिथेच महिन्यापूर्वी कॉकटील पक्ष्याचा पिंजरा टांगला. तेव्हापासून त्याची दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, सारखी काळी पडते, खाणंही घटलंय. घरातल्या मांजरीचं त्याला कधी काही वाटलं नाही, मग पक्ष्याचंच का?

उत्तर : कारण पक्षी वर आहे. रानात शिकारी पक्षी या सरड्याला वरूनच उचलतात. त्याच्या डोक्याच्या मधोमध खवल्यांत एक फिकट ठिपका नीट बघा. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. कॉकटीलने पंख फडफडवले की सावली हलते, आणि कॉकटील निरुपद्रवी आहे हे सरड्याला ठाऊक नसतं.

दाढी काळी म्हणजे दर वेळी भीतीच, असं मात्र नाही. सकाळी ऊब शोषायला तो पाठीसकट गडद होतो आणि अंग तापलं की उजळतो. काचेच्या टाकीतल्या उबेच्या दिव्याखाली तोंड उघडून बसणं हे जास्तीची उष्णता टाकणं. पण अंग चपटं करून, पिंजऱ्याकडे वळून तोंड उघडलं, किंवा तो काचेवर सारखा ओरबाडत राहिला, तर तो घाबरलाय.

पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा, हाच खरा उपाय. ते जमेपर्यंत पिंजरा टाकीपेक्षा खाली ठेवा. टाकीची मागची बाजू आणि दोन्ही कडा बाहेरून जाड काळ्या कागदाने झाका. हवेची छिद्रं मोकळी ठेवा. लपायला दोन जागा द्या, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकच दिली तर त्याला लपणं आणि ऊब यांतलं एक सोडावं लागतं. दिव्याखाली ४० अंश आणि थंड टोकाला २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे ना, हे कागद लावल्यावर पुन्हा मोजा.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ४०० ग्रॅमचं ३६० झालं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्याकडच्या जून-जुलैच्या थंडीत मोठे ड्रॅगन एरवीही कमी खातात, पण सुस्तीत वजन फारसं उतरत नाही.

आता मांजर. तिच्यासमोर तो निपचित पडून राहत असेल, तिच्या बाजूचा डोळा मिटून घेत असेल, तर ती बेफिकिरी नव्हे. तो लपू पाहतोय. मांजरी उबेसाठी टाकीच्या वरच्या जाळीवर बसतात आणि जाळी खचते, म्हणून झाकणाला पकडी हव्यातच. तिचा दात किंवा नख लागलंच तर ओरखडा कितीही बारीक असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजरीच्या तोंडातले जंतू सरड्याच्या जिवावर बेततात.

प्रश्न : शेजारी-शेजारी टाक्यांत दोन ड्रॅगन आहेत. धाकटा थोरल्याकडे बघून हात हलवतो. ओळख झाली का?

उत्तर : नाही. एक पाय उचलून सावकाश गोल फिरवणं म्हणजे ‘मी लहान आहे, मारू नकोस’. थोरला बहुधा मान वरखाली झटकत असेल. तो हक्क दाखवतोय. असं दिवसभर चाललं की धाकट्याचं खाणं तुटतं. मध्ये अपारदर्शक फळी घाला. तरीही हात हलत राहिला, तर खोलीतला दिवा लावून बघा. बाहेर अंधार आणि टाकीत उजेड असला की काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं.