वसंताची तारीख कोणती धरायची?

शाळेतून आलेलं मूल सांगतं, आजपासून स्प्रिंग सुरू. आणि अंगणात घोटाभर बर्फ. भिंतीवरचं कॅलेंडर २० मार्चला वसंत सुरू करतं, टीव्हीवरची हवामानाची बातमी १ मार्चलाच करून मोकळी झालेली असते, आणि भारतातून आलेल्या कॅलेंडरात फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच ‘वसंत ऋतू प्रारंभ’ छापलेलं असतं. मूल विचारतं, खरं कोणतं? उत्तर असं की सगळीच खरी. कुणी सूर्य मोजतो, कुणी महिने मोजतो, कुणी थर्मामीटर वाचतो, कुणी झाडाकडे बघतो. आपल्याला वसंत कशासाठी हवा आहे हे ठरलं की तारीख आपोआप ठरते.

सूर्याचा वसंत: दिवस नव्हे, क्षण

कॅलेंडरातली २० मार्च ही वसंतसंपाताची तारीख. सूर्य आकाशातल्या विषुववृत्ताला दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडतो तो क्षण म्हणजे संपात. साऱ्या जगात तो एकदाच, एकाच वेळी येतो; बदलतं ते फक्त घड्याळ. २०२६ चा संपात जागतिक प्रमाणवेळेनुसार २० मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १०:४६, पुण्यात रात्रीचे ८:१६, आणि सिडनीत २१ मार्च उजाडायचा होता, पहाटेचे १:४६. म्हणून आजीआजोबांच्या आणि तुमच्या कॅलेंडरात एका दिवसाचा फरक दिसला तर छपाईची चूक समजू नका. २०२४ मध्ये अमेरिकेत संपात १९ मार्चच्या रात्री आला आणि भारतात २० च्या सकाळी. २०२७ मध्ये तो भारतात २१ मार्चच्या मध्यरात्रीनंतर, पण युरोप-अमेरिकेत २० तारखेलाच.

तारीख सरकते ती वर्षाच्या लांबीमुळे. एका संपातापासून पुढच्या संपातापर्यंत सरासरी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटं लागतात. त्यामुळे क्षण दर वर्षी पावणेसहा-सहा तास पुढे जातो आणि लीप वर्षात एकदम मागे येतो. जागतिक वेळेनुसार २१ मार्चचा संपात शेवटचा २००७ मध्ये झाला. आता तो थेट २१०२ मध्ये. उलट २०४४ पासून १९ मार्चही दिसू लागेल. शाळेत पाठ केलेलं ‘२१ मार्च’ आता सोडून द्यायला हरकत नाही.

आणखी एक पाठ केलेलं वाक्य: ‘या दिवशी दिवस-रात्र समान’. जवळजवळ समान, पण नाही. वातावरण प्रकाशाला वाकवतं, त्यामुळे क्षितिजाखाली असलेला सूर्य सुमारे ३४ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेला दिसतो. शिवाय सूर्योदय मोजतात तो बिंबाची वरची कड दिसते तेव्हा, मध्य नव्हे. त्या आणखी १६ कला. या पन्नास कलांमुळे संपाताच्या दिवशी विषुववृत्तावरही दिवस १२ तास ७ मिनिटांच्या आसपास असतो, आणि लंडनच्या अक्षांशावर आणखी थोडा मोठा. खरोखर बारा-बारा तास तिथे दोन-तीन दिवस आधीच होऊन गेलेले असतात. मुलाने इंटरनेटवरून सूर्योदय-सूर्यास्त काढून वजाबाकी केली आणि ‘बाबा, जमत नाहीये’ म्हणालं, तर त्याचं गणित बरोबर आहे.

(आणि संपाताच्या दिवशी अंडं टोकावर उभं राहतं असं सांगतात, ते संपातामुळे नव्हे. धीर असला तर ते कोणत्याही दिवशी उभं राहतं.)

१ मार्च कुठून आला

हवामानशास्त्रज्ञांना सरासऱ्या काढायच्या असतात. संपात धरला तर ऋतू महिन्याच्या मधोमध सुरू होणार, दर वर्षी त्याची लांबीही वेगळी. म्हणून त्यांनी पूर्ण महिने घेतले: मार्च, एप्रिल, मे मिळून वसंत, ९२ दिवस. १७८० मध्ये जर्मनीतल्या मानहाइम इथे स्थापन झालेल्या हवामानसंस्थेला या पद्धतीचं श्रेय दिलं जातं. यात केवळ हिशेबाची सोय नाही. उत्तर गोलार्धात साधारणपणे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हेच सगळ्यांत थंड तीन महिने असतात, त्यामुळे तापमानाच्या दृष्टीने १ मार्च ही २० मार्चपेक्षा जास्त नेमकी सीमा आहे. ‘गेल्या तीस वर्षांतला सगळ्यांत उबदार वसंत’ अशी बातमी वाचाल तेव्हा ती मार्च ते मे अशीच मोजलेली असते.

भारताचं हवामान खातं मात्र वसंत धरतच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे उन्हाळा, मग पावसाळा, मग पावसाळ्यानंतरचा काळ. मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं हवामान हेच. वसंत आपल्याकडे कवितेत आणि पंचांगात जास्त राहतो.

थर्मामीटर आणि झाड

स्वीडनमध्ये राहणाऱ्यांची गंमत वेगळी. तिथल्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य अंशाच्या वर राहिलं की वसंत आला, आणि आगमनाची तारीख त्या सातांपैकी पहिल्या दिवसाची. म्हणजे वसंत आला हे आठवडा उलटल्यावर कळतं. १५ फेब्रुवारीच्या आधी तो धरत नाहीत, आणि एकदा आला की नंतर थंडीची लाट आली तरी परत पाठवत नाहीत. दक्षिण टोकाला तो फेब्रुवारीतच पोहोचतो आणि उत्तरेला जायला बरेच आठवडे घेतो. त्यामुळे ‘स्वीडनमध्ये वसंत कधी?’ याला उत्तर नाही. गाव सांगा, मग तारीख.

जर्मनीचं हवामान खातं झाडांवरून वसंताचे तीन टप्पे पाडतं. हेझल फुलला की पूर्ववसंत, पिवळा फोर्सिथिया फुलला की पहिला वसंत, सफरचंदाला बहर आला की पूर्ण वसंत. जपानमध्ये नेमलेल्या नमुना झाडावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की चेरीचा बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. टोकियोचं ते झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. जिनिव्हात तर एका ठरलेल्या चेस्टनटला पहिलं पान कधी फुटलं याची नोंद १८१८ पासून आहे. घरच्या मुलांना करता येण्याजोगी व्याख्या हीच: रस्त्यावरचं एक झाड निवडा, दर वर्षी तेच. ‘पहिलं पान’ म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी वाद होतो. सोपा निकष असा: कळी फुटून पान देठापर्यंत दिसलं पाहिजे, आणि अशी निदान तीन पानं वेगवेगळ्या फांद्यांवर हवीत. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकलेलं झाड घेऊ नका. भिंतीच्या उबेने ते बाकीच्यांच्या आधी फुटतं.

पंचांग काय म्हणतं

इथे आपलाच गोंधळ सगळ्यांत मोठा आहे, म्हणून जरा थांबू. पंचांगात सहा ऋतू, प्रत्येकी दोन महिने. पण महिने कोणते, याची तीन उत्तरं आहेत.

चांद्र उत्तर: चैत्र आणि वैशाख. मग वसंत पाडव्याला सुरू. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला, आणि २०२७ मध्ये पुन्हा ७ एप्रिलला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून पाडवा मागे मागे येतो. अधिक मास आला की एकदम पुढे उडी. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून ती उडी.

सौर उत्तर: सूर्य मीन आणि मेष राशीत असतो ते दोन महिने. पण राशी सायन की निरयन? निरयन म्हणजे ताऱ्यांना धरून. तशी मीन संक्रांत १४ मार्चच्या आसपास. सायन म्हणजे संपाताला धरून. तो मीन प्रवेश १८-१९ फेब्रुवारीला. कॅलेंडरात फेब्रुवारीत छापलेला ‘वसंत ऋतू प्रारंभ’ तो हाच. दोघांत सुमारे २४ दिवसांचं अंतर, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि संपातबिंदू ताऱ्यांमधून साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. साठलेला हा फरक, म्हणजे अयनांश, आता २४ अंशांच्या घरात आहे.

तिसरं उत्तर राष्ट्रीय दिनदर्शिकेचं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती आखली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शके या दिवसापासून, ती लागू झाली. तिच्यात चैत्राची सुरुवात संपाताच्या दुसऱ्या दिवशी बांधली आणि वसंताला फाल्गुन-चैत्र दिले. ऋतू पुन्हा सूर्याच्या जागेवर आणले म्हणा ना.

आता एक गोष्ट मुलांना नक्की दाखवा. सायन पंचांगात संपात वसंताच्या मधोमध येतो, सुरुवातीला नाही. जपान-चीनच्या परंपरेतला वसंतारंभ ४ फेब्रुवारीच्या सुमारास, आयर्लंडमधला पारंपरिक १ फेब्रुवारीला, तिथेही तेच. ही मंडळी प्रकाश मोजतात: दिवस झपाट्याने मोठा होऊ लागला की वसंत. मार्चमध्ये वसंत सुरू करणारे ऊब मोजतात, आणि ऊब प्रकाशाच्या मागून चालते, कारण जमीन आणि त्याहूनही समुद्र तापायला आठवडे घेतात. भांडण तारखेचं नाही; उजेड आधी येतो, ऊब नंतर.

आणि वसंत पंचमी? ती माघात, म्हणजे चांद्र हिशेबाने शिशिरात. २०२६ मध्ये ती २३ जानेवारीलाच आली. ती सणाची तिथी आहे, ऋतूची सीमा नव्हे. तिथीसाठी पंचांग आपल्या गावच्या सूर्योदयाचं वापरा. भारतातली तारीख जशीच्या तशी उचलली तर कधीकधी एक दिवस चुकतो.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये असाल तर सगळं सहा महिन्यांनी उलटं. तिथे वसंत १ सप्टेंबरला सुरू होतो असं सरसकट धरतात, आणि पाडवा शरदात येतो. चैत्र चैत्रच राहतो. पूजेच्या संकल्पातले ‘वसंत ऋतौ’ हे शब्द भारताच्या आकाशासाठी आहेत एवढं मुलांना सांगितलं तरी पुरतं.

काठीने संपात शोधायचा तर

एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा किंवा स्पिरिट लेव्हल, सपाट जमीन आणि खडू. काठी ओळंब्यात उभी करा. घड्याळात सकाळी दहा ते दुपारी चार दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर खूण करा. संपाताच्या दिवशी सगळ्या खुणा पूर्व-पश्चिम सरळ रेषेत येतात. आठवडाभर आधी किंवा नंतर त्या रेषेला बाक दिसतो. त्या दिवशीची सगळ्यांत आखूड सावली म्हणजे काठीची उंची गुणिले अक्षांशाचा टॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan): टोरांटोत साधारण ९५ सेंटिमीटर, लंडनमध्ये १ मीटर २६.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे ‘दुपारी बारा’. संपाताच्या सुमारास सूर्य घड्याळाच्या सात-साडेसात मिनिटं मागे असतो, त्यात तुमचं रेखांश आणि उन्हाळी वेळ मिळवा; टोरांटोत खरी मध्यान्ह १:२५ ला होते. दुसरं, काठीचा कल. सूर्य या दिवसांत रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेला सरकतो, म्हणून काठी उत्तर-दक्षिण दिशेत एक अंशाने कलली की संपाताची तारीख अडीच दिवसांनी चुकते. तिसरं, सावलीची कड धूसर असते. टोरांटोच्या अक्षांशावर सावली रोज सव्वा सेंटिमीटरने आखडते आणि धूसर पट्टा त्याहून थोडा रुंद असतो. तेव्हा एका दिवसाच्या मापावर भरवसा नको. १० ते ३० मार्च रोज मध्यान्हीची सावली मोजा, आलेख काढा, आणि रेषा वरच्या हिशेबाची लांबी कुठे ओलांडते ते बघा.

कशासाठी कोणती तारीख

शाळेचा प्रकल्प असेल तर शिक्षकांना विचारा: खगोलीय की हवामानाचा? दोन्ही लिहिलेत तर उत्तमच.

भारतात फोन करायच्या वेळा वसंताशी बांधू नका. अमेरिका-कॅनडात बहुतेक ठिकाणी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. भारताचं घड्याळ हलत नाही. न्यूयॉर्कचं अंतर साडेदहा तासांवरून साडेनऊवर येतं, लंडनचं साडेपाचवरून साडेचारवर. आणि मधले दोन-तीन आठवडे अमेरिका-युरोपातलं अंतरही एका तासाने कमी असतं. तिन्ही ठिकाणच्या नातलगांचा एकत्र व्हिडिओ कॉल चुकतो तो नेमका याच आठवड्यांत.

गाडीचे टायर थर्मामीटर आणि कायदा बघून बदला. स्वीडनमध्ये खिळ्यांचे टायर १६ एप्रिलपासून चालत नाहीत, पण रस्त्यावर अजून बर्फ किंवा निसरडं असेल तर गोष्ट वेगळी.

बागेसाठी तर २० मार्च पूर्ण विसरा. तिथे उपयोगाच्या तारखा दोन: तुमच्या भागातल्या शेवटच्या फ्रॉस्टची (रोपं करपवणाऱ्या हिमदवाची) आणि मातीच्या तापमानाची. फ्रॉस्टची ‘सरासरी’ तारीख म्हणजे ज्यानंतरही निम्म्या वर्षांत फ्रॉस्ट पडू शकतो अशी तारीख. टोमॅटो-मिरचीची रोपं त्यानंतर दोन आठवडे थांबून, रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर राहू लागल्यावर लावा. आधी आठ-दहा दिवस रोपं रोज थोडी जास्त वेळ बाहेर ठेवून सरावू द्या. मातीचं तापमान सकाळी, ५ ते १० सेंटिमीटर खोल, सलग चार-पाच दिवस मोजायचं. दुपारचं एकच माप फसवतं. अमेरिकेतल्या हार्डिनेस झोनच्या आकड्यावरून लावणीची तारीख काढणं ही नेहमीची चूक. तो आकडा हिवाळ्यातली टोकाची थंडी सांगतो. वसंत कधी येणार याबद्दल तो गप्प असतो.