अळंब्या पाहू लागलेल्या नवशिक्यास

आपण नुकतेच कवकांचे निरीक्षण सुरू केले आहे, म्हणून आधी हे लक्षात घ्यावे की पावसाळ्यात कोकणातील वारुळांवर उगवणारी अळंबी म्हणजे संपूर्ण कवक नव्हे, तर केवळ त्याचे बीजाणू पसरवणारे अंग होय. मुख्य शरीर माती किंवा कुजक्या लाकडात पसरलेल्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याचे असते. कवकांना वनस्पती मानू नये. त्यांच्यात हरितद्रव्य नसते, त्यांच्या पेशीभित्तिकेत कुर्लीच्या कवचातले कायटिन असते, आणि ती विकरे, म्हणजे पचन घडवणारी द्रव्ये, बाहेर सोडून अन्न शरीराबाहेरच पचवतात व मग शोषून घेतात. अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली मांडलेल्या, सजीवांचे पाच सृष्टींत विभाजन करणाऱ्या पंचसृष्टी वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र सृष्टी मिळाली.

वारुळाजवळ मात्र थोडे रेंगाळावे. कामकरी वाळव्या पालापाचोळा व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेपासून स्पंजासारखे पोळे रचतात, त्यावर टर्मिटोमायसीस हे कवक वाढते, लाकडातले चिवट द्रव्य लिग्निन मोडते आणि वाळव्यांचे अन्न बनते. याच पोळ्यातून अळंबीचा लांब देठ वर येतो. त्यामुळे वारूळ खणून काढू नये.

सुपारीवरील कोळेरोग, म्हणजे फळकूज, घडवणारा फायटोप्थोरा हा सूक्ष्मजीव कवकासारखा दिसतो, तरी खरे कवक नाही. ही चूक अनुभवी बागायतदारही करतात.

ओळख पटवण्यासाठी अळंबीची टोपी रात्रभर कागदावर पालथी झाकून ठेवावी आणि सकाळी उमटलेल्या बीजाणूंचा रंग नोंदवावा. जाणकाराने खात्री दिल्याशिवाय कोणतीही अळंबी खाऊ नये. विषारी अळंबीमुळे चांदीचा चमचा काळा पडतो, ही कसोटी पूर्णपणे निरुपयोगी आहे.