कांगारू उंदीर, शिंजीर आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न : अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटातला कांगारू उंदीर पाणी न पिता जगतो, असे वाचनात आले. पक्षी तर युरियाऐवजी युरिक आम्ल बाहेर टाकतात व त्यात पाणी फारसे खर्ची पडत नाही. मग उष्ण कटिबंधातील चिमुकला शिंजीर पाणी राखण्यात या उंदराला मागे का टाकू शकत नाही?

उत्तर : युरिक आम्लाबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे, पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. मात्र त्यावरून पक्ष्याचे मूत्रपिंड सरस ठरत नाही. पक्ष्यांचे मूत्र रक्ताच्या साधारण दुपटी-तिपटीपलीकडे संहत होत नाही, कारण त्यांच्या मूत्रपिंडातील बहुतेक नलिकांना पाणी परत शोषण्यासाठी लागणारे लांब वळसेच नसतात. माणसाची मर्यादा सुमारे चौपट आहे आणि कांगारू उंदीर माणसाच्याही जवळजवळ चौपट संहत मूत्र तयार करतो. जेमतेम ४० ग्रॅमच्या या प्राण्याला पाणी मिळते ते मुख्यतः कोरड्या बियांमधून : १०० ग्रॅम जव पचून त्यांचे शरीरात ज्वलन झाले, की सुमारे ५४ ग्रॅम पाणी निर्माण होते. दिवसा तो बिळात राहतो. शिवाय त्याच्या थंड नाकपुड्यांत उच्छ्वासातील बाष्पाचा बराचसा भाग जागीच निवून द्रवरूप होतो, किंबहुना मला तर मूत्रपिंडापेक्षा हे नाकच अधिक विलक्षण वाटते.

शिंजिराची अडचण नेमकी उलटी आहे. मकरंद म्हणजे बव्हंशी साखरपाणी. तो पातळ असेल, तर पोटापुरती साखर मिळवताना दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक पाणी या पक्ष्याच्या पोटात जाते. ते सगळे रक्तात शिरले, तर मूत्रपिंडावर मोठा भार पडेल आणि पाण्याबरोबर क्षारही वाहून जातील. पॅलेस्टाइन शिंजिरावरील प्रयोगांत असे दिसले, की पाणी जितके वाढते, तितका त्यातला कमी हिस्सा आतडे शोषते आणि उरलेले परस्पर पुढे सरकते. म्हणूनच फुलांवर चरणाऱ्या शिंजिराची विष्ठा पुष्कळदा पांढऱ्या लगद्याऐवजी जवळजवळ स्वच्छ पाण्याच्या थेंबासारखी पडते.