जुनी गाडी खाली बसवताना : स्प्रिंग की हवा?

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातील चार दारांची सेडान आहे. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड अ‍ॅक्सल अशी तिची मूळ रचना आहे. गाडी दीड ते दोन इंच खाली आणावी, अशी माझी इच्छा आहे. एका मेकॅनिकने आखूड स्प्रिंग बसवण्यास सांगितले. दुसऱ्याने एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या) सल्ला दिला, म्हणजे बटण दाबून हवी तेव्हा उंची बदलता येईल. एरवी गाडीत आम्ही दोघेच असतो, पण वर्षातून काही वेळा चार माणसे आणि सामान घेऊन लांबचा प्रवास होतो. काय निवडावे?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझा कल स्प्रिंगकडे आहे, आणि तोही दीड इंचाच्या आतच थांबण्याकडे. मात्र कोणताही सुटा भाग मागवण्यापूर्वी गाडी आज नेमकी किती उंचीवर उभी आहे, हे मोजून घ्यावे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे, म्हणजे टायरच्या आकाराचा हिशेबात गोंधळ होत नाही, आणि ते कारखान्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. इतक्या वर्षांत स्प्रिंग थकलेल्या असतात, पाटे सपाट झालेले असतात, आणि गाडी आधीच इंचभर खचलेली असण्याची शक्यता बरीच असते. ‘३५ मिलिमीटर खाली’ अशी विकली जाणारी स्प्रिंग मूळ उंचीपासून मोजलेली असते. खचलेल्या गाडीत ती बसवल्यावर जेमतेम बोटभर फरक दिसतो आणि मालक विक्रेत्याशी भांडत बसतो. याच वेळी सांध्यांतले रबरी बुशही बदलून घ्यावेत. ते घट्ट करताना गाडीचा भार चाकांवर असला पाहिजे. जॅकवर लोंबकळत्या अवस्थेत बोल्ट आवळले, तर रबर कायमचे पीळ घेऊन बसते, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात.

आता मुख्य मुद्दा. गाडी खाली आणली की चाकाला वर जाण्यासाठी असलेली जागा कमी होते, आणि दोन्ही पर्यायांचा विचार येथूनच सुरू करायला हवा. मूळ रचनेत बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वर जाण्याची हालचाल जेथे थांबते तो रबरी ठोकळा) ८० मिलिमीटर जागा आहे असे धरू. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, तर निम्मी जागा उरते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तोच धक्का निम्म्या जागेत पचवायचा झाल्यास स्प्रिंग चौपट कडक करावी लागेल. तेवढी कडक स्प्रिंग कोणीही बसवत नाही, कारण त्या गाडीत बसणे असह्य होईल. म्हणून चांगले उत्पादक कडकपणा माफक वाढवतात, बंप स्टॉप थोडे आखूड आणि मऊ देतात, आणि त्याच मापाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याचा आग्रह धरतात. जुने, थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत. गाडी खड्ड्यानंतर उड्या मारत राहते आणि दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो. केवळ स्प्रिंगपुरतेच पैसे हाताशी असतील, तर मी काम पुढे ढकलेन.

पुढच्या बाजूला आणखी एक हिशेब आहे. विशबोनवरची स्प्रिंग चाकापासून आत बसवलेली असते. ती चाकाच्या निम्मीच हालचाल करत असेल, तर स्प्रिंगची बसती उंची २० मिलिमीटर कमी केल्यावर चाकाजवळ गाडी ४० मिलिमीटर खाली येते. आपल्या गाडीचे हे गुणोत्तर माहीत नसताना दुसऱ्या मॉडेलची स्प्रिंग ‘साधारण जुळते’ म्हणून घेऊ नये. चाक हवेत पूर्ण लोंबकळले असतानाही स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटता कामा नये, हेही तपासावे. उंची बदलल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे) बदलतात, आणि टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) व विशबोन यांचे कोन एकमेकांशी जुळले नाहीत, तर खड्ड्यावरून जाताना स्टीअरिंग आपोआप किंचित वळते. अलाइनमेंटने स्थिर गाडीचे आकडे बरोबर येतात, पण हा दोष त्याने जात नाही. दोन इंचांऐवजी दीड इंचाच्या आतच थांबा, असे मी म्हणतो त्याचे हे मोठे कारण आहे.

मागे पाट्यांची कमान कमी करून घेणे हा मला अधिक पसंत असलेला मार्ग आहे. अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालणे स्वस्त पडते. परंतु वेग घेताना आणि ब्रेक लावताना अ‍ॅक्सल पाट्यांना जो पीळ देते, तो उंच ठोकळ्याने वाढतो. ठोकळा घालायचाच असेल, तर प्रत्येक बाजूला एकच, धातूचा आणि योग्य लांबीच्या यू-बोल्टसह घालावा. एकावर एक रचू नये. दोन्ही प्रकारांत प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचा) कोन तपासावा, नाहीतर ठरावीक वेगाला बारीक थरथर सुरू होते आणि तिचे मूळ शोधण्यात आठवडे जातात.

एअर सस्पेन्शनचा खरा गुण बटणात नाही, भार पेलण्यात आहे. स्टीलच्या साध्या स्प्रिंगचा कडकपणा भार वाढला तरी तोच राहतो. त्यामुळे चार माणसे बसली की गाडी खचते. हवेच्या बेलोमध्ये (रबरी पिशवीत) जास्त भार उचलण्यासाठी दाब वाढवावा लागतो आणि दाबाबरोबर कडकपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून उंची आणि गाडीची डोलण्याची गती दोन्ही बऱ्याच अंशी कायम राहतात. आपल्या वर्षातून काही वेळच्या भरगच्च प्रवासासाठी ही गोष्ट उपयोगाची आहे, हे मान्य केले पाहिजे. पण उभी असताना दिसायला छान म्हणून हवा सोडून खाली बसवलेली गाडी त्याच उंचीवर चालवली, तर ती मऊ बेलोवर आणि जवळजवळ बंप स्टॉपवर धावते. ती सर्वांत वाईट अवस्था होय. चालवण्याची उंची एकच ठरवावी आणि अलाइनमेंट त्याच उंचीवर करून घ्यावे.

चारही कोपऱ्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह हवेत. एकाच व्हॉल्व्हवर डावा-उजवा बेलो जोडला, तर वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी अधिकच कलते. केवळ दाब मोजणारी यंत्रणा उंची ओळखत नाही. एक माणूस जास्त बसला की तोच दाब वेगळी उंची देतो, म्हणून उंचीचे सेन्सर असलेली यंत्रणा घ्यावी. हवेच्या टाकीत साचणारे पाणी वेळोवेळी काढावे लागते. बेलो दाब भरल्यावर आणि रिकामा असताना, दोन्ही वेळा चेसिस, ब्रेकची नळी किंवा एक्झॉस्टला घासत नाही ना, हे पाहावे, कारण बेलो फुटण्याचे नेहमीचे कारण घासणे हेच असते.

जुन्या गाडीत विजेचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. त्या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत असलेला ल्युकासचा सी-४० डायनॅमो (वीज तयार करणारे यंत्र) २२ अँपिअरचा आहे. दिवे आणि वायपर सुरू असताना त्यातून फार काही उरत नाही, आणि हवा भरणाऱ्या एका लहान कॉम्प्रेसरलाच १५ ते ३० अँपिअर लागू शकतात. ६ व्होल्टची किंवा पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेली) गाडी असेल, तर वायरिंगची पुनर्रचना हा कामाचा मोठा भाग ठरतो. शिवाय चेसिस कापणे किंवा नवे ब्रॅकेट वेल्ड करणे आले, की मूळ अवस्थेत परतणे अवघड होते.

आपल्यासाठी मधला मार्ग असा : पुढे-मागे माफक खाली आणणारी स्प्रिंग आणि पाटे, त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आणि भरल्या गाडीसाठी मागच्या अ‍ॅक्सलवर हाताने हवा भरण्याचे लहान साहाय्यक बेलो. अर्थात गाडी खाली आणल्यावर त्यांना जागा उरते का, आणि चेसिसचा तो भाग भार घेण्याजोगा आहे का, हे आधी मोजावे. अनेक देशांत असा बदल वाहन तपासणीत नोंदवावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावा लागतो.

प्रश्न : मूळ स्प्रिंगचीच एक गुंडाळी कापली किंवा ती गॅसवर तापवून दाबली, तर पैसे वाचणार नाहीत का?

उत्तर : तापवणे पूर्णपणे टाळावे. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेले उष्णतासंस्करण त्या जागी नष्ट होते आणि स्प्रिंग खचते किंवा तुटते. कापण्याबाबत गणित असे आहे, की आठ कार्यरत गुंडाळ्यांतील एक कापली तर कडकपणा सुमारे १४ टक्के वाढतो; म्हणजे गाडी अपेक्षेइतकी खाली येत नाही. ज्यांची टोके घासून सपाट केलेली असतात किंवा आत वळवलेली असतात, त्या स्प्रिंग कापल्यावर बैठकीत नीट बसतच नाहीत. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बाजूला, बारच्या खाचा फिरवून नवीन भाग न घेताही उंची बदलता येते. तेथे कापाकापीचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत कारखान्यातूनच एअर सस्पेन्शन होते आणि आता ते गळते. सगळे काढून कॉइल स्प्रिंग बसवावी का?

उत्तर : हा मोह जुनाच आहे. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोममध्ये एअर सस्पेन्शन आले; पण गळती आणि देखभाल यांना कंटाळून त्या काळच्या अनेक अमेरिकन मालकांनी कॉइल बसवून घेतल्या. आज मात्र मूळ यंत्रणा शाबूत असलेल्या गाडीलाच संग्राहक अधिक मानतात. मर्सिडीझची ३०० एसई किंवा १९६३ची ६०० ही तर हवेच्या स्प्रिंगभोवतीच आखलेली गाडी आहे. कॉइल बसवल्यास तिची स्वयंचलित उंची जाते. सिट्रोएन डीएसला काही लोक याच गटात टाकतात, पण १९५५ची ती रचना नायट्रोजन आणि द्रवावर चालते. तिच्या जुन्या लाल आणि नंतरच्या हिरव्या द्रवाची अदलाबदल केली, तर सील खराब होतात.

गळती नेहमी बेलोमध्येच असते असे नाही. व्हॉल्व्हचे सील आणि नळ्यांचे सांधे आधी तपासावेत. यंत्रणेत पूर्ण दाब भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, आणि रात्रभरात कोणता कोपरा खाली बसतो हे मोजून ठेवावे. एकच कोपरा बसत असेल तर दोष त्या चाकाच्या बाजूला आणि दोन एकत्र बसत असतील तर त्यांच्या सामायिक व्हॉल्व्हमध्ये शोधावा. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती भक्कम स्टँडवर चढवलेली असावी, कारण सांधा सैल होताच गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता खाली येते.